पाहुण्या खेळाडूचे मोल

दुसऱ्या गावचा नामांकित खेळाडू आपल्या संघात यावा, ही इच्छा नवी नाही. काळाबरोबर बदलली आहे ती त्याला आणण्याची रीत. ग्वाल्हेरकरांना याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. येथील ज्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा केल्या, त्या मैदानाला नाव आहे ते कॅप्टन रूपसिंग यांचे. रूपसिंग क्रिकेटचे नव्हेत, हॉकीचे खेळाडू. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू वाढले झांशीत. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ गोल चढविले, त्यांपैकी १० एकट्या रूपसिंगांचे होते. अशा पुरुषाला ग्वाल्हेर संस्थानने आपल्या लष्करात घेतले आणि झांशीचा खेळाडू ग्वाल्हेरचा झाला. १९७७ साली त्यांनी देह ठेवला तोही याच गावी.

त्या व्यवहारात खेळाडूच्या जुन्या संघाला द्यावयाची रक्कम नव्हती, वेतनाला बाहेरच्या कोणी घातलेली मर्यादाही नव्हती. गवई, पैलवान आणि खेळाडू यांना राजाश्रय मिळे, त्याची व्याप्ती दरबाराच्या इच्छेवर आणि खजिन्यावर अवलंबून असे. याचा परिणाम शेजारच्या इंदुरात अधिक ठळक दिसला. होळकरांनी नागपूरचे सी. के. नायडू यांना आपल्याकडे आणले, पुढे चंदू सरवटे आले, भाऊसाहेब निंबाळकर आले, आणि होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. ग्वाल्हेर संस्थानचा संघही १९४३-४४ मध्ये या स्पर्धेत उतरला होता, परंतु त्याची कामगिरी एका सामन्यापलीकडे गेली नाही. ज्याची थैली मोठी त्याचा संघ मोठा, असा तो सरळ हिशेब होता.

होळकर संघात एक गोरा पाहुणाही खेळून गेला. महायुद्धाच्या काळात लष्करी नोकरीनिमित्त महू येथे असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी नाबाद २४९ धावा काढल्या. विजय मात्र मुंबईचाच झाला. हेच कॉम्प्टन हिवाळ्यात लंडनच्या आर्सेनल क्लबकडून फुटबॉल खेळत, आणि तेथे त्यांना कोणी राजा वाटेल तेवढे देऊ शकत नव्हता. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वेतनाला नियमाची वेस होती. परदेशी खेळाडूंच्या आजच्या बाजाराचे कोडे उलगडावयाचे तर सुरुवात त्या वेशीपासूनच करावी लागते.

या बाजारात दोन रकमा असतात, आणि त्यांची गल्लत करणे हीच बहुतेक गैरसमजांची जननी आहे. पहिली रक्कम वेतनाची. ती खेळाडूच्या हाती पडते. दुसरी हस्तांतर-शुल्काची, जिला मैदानाच्या बोलीत ट्रान्सफर फी म्हणतात. खेळाडूचा करार अद्याप पुरा झालेला नसताना त्याला मोकळे करण्याबद्दल नवा क्लब जुन्या क्लबाला ही रक्कम देतो. करार संपला की जुन्या क्लबाचा हक्कही संपतो. युरोपात ही गोष्ट बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमन यांच्या खटल्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने कायम केली. त्यापूर्वी करार संपल्यावरही क्लब खेळाडूला अडवून धरीत आणि पैसे मागत.

इंग्लंडमध्ये १९०१ पासून आठवड्याचे कमाल वेतन ४ पौंड होते. वाढत वाढत ते २० पौंडांवर आले, आणि खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर १९६१ साली ती मर्यादा उठली. मर्यादा होती वेतनावर, हस्तांतर-शुल्कावर नव्हे. म्हणून विचित्र प्रकार घडत असे. क्लब एका खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबाला हजारो पौंड मोजी. ज्याच्या पायांसाठी ते मोजले जात, त्याला मात्र ठरलेल्या पौंडांवर समाधान मानावे लागे. १९५७ मध्ये इटलीच्या युव्हेंटस क्लबाने लीड्सला ६५,००० पौंड देऊन जॉन चार्ल्स यांना नेले. लीड्सची तिजोरी भरली, चार्ल्स यांना घरी कधी मिळाले नसते असे वेतन मिळाले, आणि युव्हेंटसने पुढच्या चार वर्षांत तीनदा अजिंक्यपद मिळविले. वेस एका देशापुरती असली की गुणी माणूस ती ओलांडून जातो, हा धडा त्या काळातच मिळालेला आहे.

भारतात परदेशी फुटबॉलपटू आले ते आरंभी बाजाराच्या वाटेने नव्हे. इराणचे मजीद बिश्कर अलीगढच्या विद्यापीठात शिकावयास आले होते; तेथून ते १९८० मध्ये कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. पुढे गोव्याच्या क्लबांनी नायजेरियाचे खेळाडू आणले. धेंपो क्लबाचे रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचे ओडाफा ओकोली यांनी गोव्याची मैदाने गाजविली. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा थाटच बदलला. मुंबईत निकोला अनेल्का, पुण्यात दाविद त्रेझेगे, गोव्यात रोबेर पिरेस, दिल्लीत अलेस्सांद्रो देल पिएरो, असे जगद्विख्यात परंतु उताराला लागलेले खेळाडू आले. हा मुख्यतः जाहिरातीचा खर्च होता. स्पर्धा स्थिरावल्यावर हिशेबाची वेळ आली.

हा हिशेब वेतनमर्यादेने घालून दिला. २०२०-२१ च्या मोसमात प्रत्येक क्लबाला सर्व खेळाडूंच्या वेतनावर मिळून साडेसोळा कोटी रुपयांपर्यंतच खर्च करता येत असे. हेतू दुहेरी होता. एका धनिकाने सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत हा एक, आणि चढाओढीच्या भरात मालकांनी स्वतःचेच दिवाळे काढू नये हा दुसरा. मर्यादा घातली की निवडीचे स्वरूप कसे पालटते ते एका काल्पनिक उदाहरणाने कळेल. सहा परदेशी खेळाडूंना सरासरी सव्वा कोटी दिले, तर साडेसात कोटी संपतात. उरलेले नऊ कोटी चोवीस भारतीयांत वाटले, तर प्रत्येकी साडेसदतीस लाख येतात. परदेशी पाहुण्यांपैकी एकावरच तीन कोटी उधळले, तर पावणेदोन कोटींची खोट उरलेल्यांच्या ताटातून भरून काढावी लागते. म्हणून व्यवस्थापक तारा शोधीत नाही. तो उणीव शोधतो. बचावाची मधली जागा, मध्यक्षेत्राचा सूत्रधार आणि गोल करणारा आघाडीवीर, या तीन ठिकाणी परदेशी पैसा जातो आणि कडेच्या जागा देशी खेळाडूंना मिळतात.

हस्तांतर-शुल्क या मर्यादेत धरले जात नाही. मग क्लब त्या वाटेने का जात नाहीत? कारण शुल्क आगाऊ आणि पुन्हा हाती न येणारे असते. युरोपातील क्लब तरुण खेळाडू विकत घेतो तो पुढे अधिक किमतीला विकण्याच्या आशेने. भारतातून परदेशी खेळाडू चढ्या भावाने पुढे विकला जाण्याचा योग क्वचितच येतो. तेव्हा शहाणपण यातच मानले जाते की, ज्याचा करार संपला आहे असा तिशी गाठलेला माणूस शोधावा आणि त्याला एक-दोन वर्षांसाठी बांधावे. एफ. सी. गोवाने २०१७ मध्ये चौतीस वर्षांचे स्पॅनिश खेळाडू फेरान कोरोमिनास यांना आणले. त्यांनी लागोपाठ दोन मोसमांत सर्वाधिक गोल केले. ते गेल्यावर २०२० मध्ये पोलंडच्या गुर्निक झाब्झे क्लबाशी करार संपलेले इगोर अंगुलो आले. त्यांचे वय छत्तीस. त्यांनी १४ गोल करून सुवर्णपादत्राण मिळविले. या निवडीत चूक कोणती दाखवावी? संघाच्या दृष्टीने काहीच नाही.

परंतु त्याच वर्षी मर्यादेतली फटही उघडी पडली. गोव्याचे मध्यक्षेत्र सांभाळणारे फ्रान्समध्ये जन्मलेले ह्यूगो बूमूस करारात असतानाच मुंबई सिटी क्लबाने त्यांना नेले. त्यासाठी सुमारे १ कोटी ६० लाख रुपये मोजल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. मुंबईचे बहुसंख्य भाग २०१९ पासून मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे होते. गोव्याचे पूर्वीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि अहमद जाहू व मूर्तादा फॉल हे आणखी दोन परदेशी खेळाडूही त्याच मोसमात मुंबईकडे आले. उपांत्य फेरीत मुंबईने पेनल्टीवर गोव्यालाच हरविले, आणि साखळीतील अव्वल स्थान व अंतिम विजेतेपद दोन्ही पटकावली. दोन्ही क्लबांना वेतनाची मर्यादा एकच होती. फरक पडला तो मर्यादेबाहेरच्या रकमेने आणि बाहेरच्या पाठबळाने. एका दाराला कुलूप लावले की थैली दुसऱ्या दाराने आत येते. होळकरांच्या काळी ती समोरच्या दाराने येत होती, एवढेच.

यातच संख्येच्या नियमाची भर पडली. २०१४ मध्ये मैदानावर सहा परदेशी खेळाडू उतरू शकत. २०१७-१८ पासून पाच, आणि २०२१-२२ पासून चारच. म्हणजे अकरांत सात भारतीय हवेतच. परदेश्यांना आवर घातल्याने खर्च कमी होईल अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती फोल ठरली. चांगले भारतीय खेळाडू थोडे आणि मागणी मोठी, तेव्हा भाव त्यांचाच चढला. गोव्याचे लिस्टन कुलासो २०२१ मध्ये हैदराबादहून एटीके मोहन बागानकडे गेले, तेव्हा शुल्काचा आकडा कोटीच्या घरात असल्याचे सांगितले गेले.

या शुल्काकडे केवळ उधळपट्टी म्हणून पाहणे योग्य नव्हे. जागतिक फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या, नियमाप्रमाणे करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात झालेल्या हस्तांतराच्या रकमेतून पाच टक्के भाग बाजूला काढून, खेळाडूला बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्यांनी शिकविले त्या क्लबांना वाटावा लागतो. पहिल्या चार वर्षांना या भागाचा वीसावा हिस्सा दरसाल, आणि पुढच्या आठ वर्षांना दहावा हिस्सा दरसाल. समजा, ग्वाल्हेरच्या एखाद्या नोंदणीकृत क्लबाने एका मुलाला सोळाव्या वर्षापासून चार वर्षे घडविले आणि पुढे तो एक कोटी रुपयांना परदेशी गेला. पाच टक्क्यांचे पाच लाख. त्यांपैकी चार वर्षांचे दोन लाख त्या छोट्या क्लबाकडे परत येतील. गल्लीतल्या क्लबाला दोन लाख म्हणजे चेंडू, बूट आणि एका शिक्षकाचा पगार. उलट, करार संपलेला खेळाडू आणला की शुल्क शून्य, आणि शून्याचे पाच टक्केही शून्यच.

या व्यवस्थेचे खरे मर्म येथे आहे. वेतनमर्यादा क्लबाला उधळपट्टीपासून वाचविते, परंतु खेळाडू निर्माण करीत नाही. तिच्या सावलीत सगळेच क्लब पिकलेले फळ विकत घेतात आणि कलम लावण्याचे काम दुसऱ्याचे समजतात. २०२५ साली याची कसोटी लागली. भारतीय फुटबॉल महासंघ आणि स्पर्धेचे चालक यांच्यातील पंधरा वर्षांच्या कराराचा शेवट जवळ येताच जुलैमध्ये नवा मोसम स्थगित झाला, अनेक परदेशी खेळाडू निघून गेले, आणि डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबईतून अंग काढून घेतले. पाहुणे गेले त्यात त्यांचा दोष नाही. पाहुण्याने जावयाचेच असते. प्रश्न घरात कोण उरले हा आहे.

ग्वाल्हेरात १९५७ मध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, ती शिक्षक घडविण्यासाठी. अशा शिक्षकांच्या हाताखाली तयार होणाऱ्या मुलांची नोंद बाराव्या वर्षापासून नीट राहावी, आणि देशांतर्गत हस्तांतरातूनही त्यांच्या पहिल्या क्लबाचा वाटा चुकता व्हावा, एवढे झाले तरी परदेशी खेळाडूवर होणारा खर्च डोळ्यांत सलणार नाही. पाहुण्याला मोल जरूर द्यावे. मात्र ज्या मातीत आपली पोरे धावतात, तिचे देणे आधी फेडलेले असावे.