उकळलं म्हणजे झालं?

हुगळीकाठचं कोलकाता, तिथे पाण्याला काय तोटा, असं मला वाटायचं. शहर सखल, पावसात रस्त्यांवर गुडघाभर पाणी. पण खालच्या जाड चिकणमातीतून ते मुरतच नाही फारसं, आणि बोअरचा उपसा चालूच!

दक्षिण कोलकात्यात आमच्या वन्सं राहतात. बोअरचं पाणी वीस मिनिटं उकळून द्यायच्या. मीही निर्धास्त प्यायले. मग शेजारच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, त्या बाजूच्या काही कूपनलिकांत आर्सेनिक सापडलंय. त्याला ना रंग, ना वास. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं.

"वहिनी, सतरा वर्षं उकळतेय हो मी," वन्सं एवढंच म्हणाल्या.

आता गार्डन रीचला शुद्ध केलेलं हुगळीचं पाणी महापालिकेच्या नळावरून भरून आणतात. बोअरचा नमुना तपासायला दिलाय.