बिदरी हुक्क्याचा काळा रंग आणि त्याची निगा

घासूनपुसून लख्ख केलेले भांडे हे आपल्याकडे सुव्यवस्थित घराचे लक्षण मानले जाते. पितळेचा तांब्या चिंचेने उजळावा, तांब्याचे घंगाळ लिंबाने व राखेने घासावे, चांदीचे निरांजन रांगोळीने चोळावे, हा परिपाठ पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. परंतु ही स्वच्छता जिला मानवत नाही अशीही धातूची एक जात आहे. बिदर येथील कारागिरांनी घडविलेले हुक्क्याचे जुने भांडे एखाद्या घरी माळ्यावरून खाली काढले जाते. त्याचा काळा रंग म्हणजे वर्षानुवर्षांची काजळी, अशी समजूत करून घेऊन कोणीतरी ते चिंचेने व राखेने घासावयास बसतो आणि घटकाभरात, कित्येक दशके टिकलेला रंग निघून जाऊन खालचे करडे जस्त उघडे पडते. चांदीची वेलबुट्टी जागच्या जागी असते. पण करड्या जस्तावर ती उठून दिसत नाही. धुऊन गेला तो मळ नव्हता. कारागिराने सर्वांत शेवटी, मोठ्या काळजीने केलेले ते काम होते. तो रंग कसा उत्पन्न होतो व कशाने टिकतो हे जाणून घेणे म्हणूनच केवळ कुतूहलाचा विषय नव्हे.

हुक्का आणि बिदर

बिदर हे कर्नाटकाच्या ईशान्य टोकास, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले जिल्ह्याचे ठिकाण आहे. १५ व्या शतकात बहमनी सुलतानांनी येथे राजधानी आणली. पुढे हा प्रदेश निजामाच्या अमलाखाली आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात राहिला. या गावाच्या नावावरूनच येथील धातुकामास ‘बिदरी’ हे नाव पडले.

तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांमार्फत आली आणि दख्खनमध्ये लवकरच रुजली. असद बेग या सरदाराने १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतताना ती अकबराच्या दरबारी नेली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. हुक्क्याचा प्रसार होऊ लागल्यावर त्यातील पाणी धरणाऱ्या तळभांड्यास मागणी वाढली. धूर या पाण्यातून जातो व थंड होतो. थंड झालेला धूर निरुपद्रवी होतो ही समजूत मात्र चुकीची आहे. तंबाखूतील घातक द्रव्ये पाण्याने नाहीशी होत नाहीत.

आरंभीची तळभांडी वाटोळी असत व ती कड्यावर ठेवावी लागत. १८ व्या शतकात रुंद बुडाची, घंटेच्या आकाराची भांडी रूढ झाली. हुक्का चारचौघांत मांडावयाचा असल्याने भांडे मालकाच्या आवडीप्रमाणे सजविले जाई. फुलांचे ताटवे, पाने, जाळी, लहरी अशा नाना तऱ्हेच्या आकृती त्यावर चांदीने व क्वचित पितळेने भरीत. तारेने भरलेले काम ते ‘तारकशी’, आणि पत्र्याचे तुकडे खोलात बसविलेले काम ते ‘तहनिशान’. काळ्याभोर भूमीवर शुभ्र चांदी हेच या सर्व प्रकारांचे मर्म होय.

घडण

बिदरीची मिश्रधातू मुख्यत्वे जस्ताची असते. तीत थोडे तांबे मिसळलेले असते. आजच्या कारखान्यांत साधारणतः सोळा भाग जस्तास एक भाग तांबे हे प्रमाण सांगितले जाते. जुन्या वस्तूंचे रासायनिक पृथक्करण करून १९८७ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत तांब्याचे प्रमाण शेकडा २ ते १० आढळले. शिसे व कथील यांचाही अंश दिसून आला. तांबे थोडेच असले तरी त्यावाचून पुढील सर्व खटाटोप व्यर्थ होय, हे लवकरच स्पष्ट होईल.

एरंडेल व राळ मिसळलेल्या मातीच्या साच्यात भांडे ओततात. ओतीव भांडे कानशीने गुळगुळीत केल्यावर त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. जस्त हे तांब्याहून अधिक क्रियाशील असल्यामुळे ते मोरचुदातील तांब्यास बाहेर ढकलते व स्वतः त्याची जागा घेते. बाहेर पडलेले तांबे अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पृष्ठभागावर बसते आणि काळे दिसते. हा रंग तात्पुरता असतो. त्यावर अणकुचीदार हत्याराने आकृती रेखाटली की रेघा फिकट उमटतात व छिन्नी कोठे चालवावयाची ते कळते. खोदलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा हातोडीने ठोकून बसवितात आणि पुन्हा सर्व भांडे घासून सपाट करतात. या वेळी तात्पुरता काळेपणा निघून जातो. जस्त व चांदी दोन्ही पांढुरकी असल्यामुळे एवढ्या श्रमाने केलेली नक्षी आता जेमतेम दिसते.

काळ्या रंगाचे रसायन

यानंतरची क्रिया ही बिदरीची खरी ख्याती होय. भांडे हलक्या आचेवर गरम करून त्यास नवसागर व बिदरच्या किल्ल्यातील माती यांचा लेप चोळतात. ज्या जागी दीर्घकाळ ऊन वा पाऊस पोहोचलेला नाही अशा जागेची माती यासाठी निवडतात. पावसाच्या पाण्याने धुऊन न गेल्यामुळे तीत सोऱ्यासारखे क्षार टिकून राहिलेले असतात. अनुभवी कारागीर माती जिभेला लावून तिची पारख करतो. लेप चोळताच जस्ताची भूमी काळी पडते. चांदी मात्र जशीच्या तशी राहते. मग भांडे धुऊन, पुसून त्यास तेलाचा हात देतात, म्हणजे काळेपणास खोली येते.

या परिवर्तनाचे कारण असे आहे. नवसागर व मातीतील क्षार जस्तावर आक्रमण करतात. जस्त पृष्ठभागावरून झपाट्याने विरघळते. तांबे तितक्या सहजी विरघळत नाही, म्हणून पृष्ठभागी त्याचे प्रमाण वाढत जाते व त्यापासून घट्ट चिकटलेला, अतिशय पातळ असा काळा थर तयार होतो. निव्वळ जस्तावर हाच लेप चोळला तर असा टिकाऊ काळा रंग धरत नाही. चांदी ही तुलनेने निष्क्रिय धातू असल्याने तिच्यावर या लेपाचा परिणाम होत नाही.

यावरून ध्यानात येईल की बिदरीचा काळा रंग कुंचल्याने दिलेला नसून तो धातूतूनच उपजलेला आहे. एका अर्थी तो गंजच होय. पण माणसाने आपल्या इच्छेप्रमाणे घडवून आणलेला, योग्य वेळी थांबविलेला गंज. लोखंडावरील गंज खरवडून काढावा लागतो, हा मात्र सांभाळावा लागतो.

दोन धातूंची दोन पथ्ये

सांभाळण्याच्या कामी खरी अडचण अशी की एकाच भांड्यावर दोन धातू आहेत आणि त्यांची पथ्ये परस्परविरुद्ध आहेत. हवेत गंधकाची संयुगे अल्प प्रमाणात असतात. त्यांच्याशी संयोग होऊन चांदी हळूहळू काळवंडते. भूमी काळी आणि नक्षीही काळी, असे झाले म्हणजे भांड्याची शोभा जाते. चांदी उजळावी तर घासणे आले, आणि घासले तर शेजारचा काळा थर झिजतो. चांदी बुडवून स्वच्छ करण्याची बाजारात मिळणारी द्रावणे बहुधा आम्लयुक्त असतात, आणि आम्ल तर जस्ताचा वैरी.

दुसरे संकट ओलाव्याचे. व्होल्टाने १८०० साली जगापुढे मांडलेला पहिला विद्युत्घट जस्त व चांदी यांच्या चकत्यांचाच होता. त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे ठेवलेले होते. बिदरीच्या भांड्यावर हेच दोन धातू एकमेकांस चिकटून बसलेले असतात. दमट व खारट हवा, किंवा घामेजल्या बोटांचा ठसा, एवढ्यानेही नक्षीच्या कडेशी व्होल्टाचा तोच प्रयोग लहान प्रमाणात सुरू होतो. अशा घटात झीज होते ती जस्ताची. त्या ठिकाणी पांढरी भुकटी दिसू लागली तर जस्त खाल्ले जात आहे असे समजावे. हुक्क्याच्या भांड्यात पाणी साठवून ठेवणे तर आतून हानीस आमंत्रण देणे होय.

निगा

तेव्हा अशा वस्तूची निगा म्हणजे मुख्यत्वे संयम. चिंच, लिंबू, राख, रांगोळी व पितळ उजळण्याची द्रव्ये यांपैकी काहीही तिला लावू नये. धूळ कोरड्या, मऊ, सुती कापडाने टिपावी. भांडे पाण्यात बुडवू नये. ओले झालेच तर तत्काळ कोरडे करावे. तेलाचा हात अगदी पुसट असावा व जादा तेल टिपून घ्यावे, कारण तेलावर धूळ धरते. संग्रहालयांत तेलाऐवजी शुद्ध मेणाचा पातळ थर देण्याचीही पद्धत आहे. वस्तू लोकरीत गुंडाळू नये किंवा रबरावर ठेवू नये, कारण दोहोंत गंधक असते. नव्या लाकडाच्या बंद कपाटातील आम्ल वाफाही जस्तास बाधतात. ओतीव जस्त ठिसूळ असल्यामुळे भांडे पडल्यास तडकते, हेही विसरू नये. चांदी फारच काळवंडली असेल तर ती घरी न उजळता जाणत्याकडे न्यावी.

गेलेला काळा रंग बिदरचा कारागीर पुन्हा आणू शकतो. वापरातील नव्या वस्तूस त्याने काही बाधा येत नाही. परंतु प्रत्येक वेळी भांडे घासावे लागते, चांदीचा पत्रा थोडा थोडा झिजतो आणि जुन्या भांड्यावरील मूळ पृष्ठभाग, व त्यासोबत त्या काळच्या कृतीचा पुरावा, कायमचा नष्ट होतो.

बिदरीच्या कामास २००६ साली भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले आणि २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांस पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. नव्या भांड्यांची काळजी घेणारे हात त्या गावी आहेत. जुन्या भांड्यांचे रक्षण मात्र ती ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याच हाती आहे, आणि त्यासाठी चिंचेचा गोळा हाती घेण्यापूर्वी क्षणभर थांबणे एवढेच पुरेसे आहे.