मार्कंड्याला जावे का? जावे, पण पाहायला



महाशिवरात्री जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आमच्या युवा शिबिरांत एक प्रश्न हमखास येतो. मागच्या शिबिरात चामोर्शीकडच्या एका मुलाने तो उभा राहून विचारला, "ताई, मार्कंड्याच्या यात्रेत गेलो तं प्रतिज्ञा मोडते का? नाही गेलो तं गावातले मित्र म्हणतात, तुम्ही आमच्यातून वेगळे झाले." मागच्या रांगेतून लगेच उत्तर आले, "अरे, ते मूळचं बुद्धविहारच होतं!" टाळ्या पडल्या. हे दोन्ही मुद्दे नीट तपासले पाहिजेत, म्हणून हा लेख.

ठिकाण काय आहे?

मार्कंडा हे गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यातले वैनगंगेकाठचे लहान गाव. दक्षिणेकडे वाहणारी नदी इथे वळण घेऊन उत्तरेकडे जाते, म्हणून या जागेला तीर्थाचे महत्त्व आले. काठावरच्या तटबंदीच्या आवारात शिवाचे मुख्य मंदिर आणि भोवती लहान-मोठी मंदिरे आहेत. ती साधारण नवव्या ते बाराव्या शतकांदरम्यानची मानली जातात. भिंतींवरच्या दाट शिल्पांमुळे त्यांना 'विदर्भाचे खजुराहो' म्हणतात. अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात इथे आले होते. वीज पडून शिखराचा भाग कोसळल्याची आणि गोंड राजाने डागडुजी केल्याची हकिकत त्यांनी नोंदवली आहे. आज ही मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, पण दुरुस्तीचे काम बरीच वर्षे रेंगाळले आहे.

प्रतिज्ञा मोडते का?

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञांतली पहिली ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. जुनी इमारत पाहू नये, शिल्प अभ्यासू नये, असे एकही प्रतिज्ञा सांगत नाही. नारळ फोडणे, नवस बोलणे, अभिषेक करणे ही उपासना झाली. वही घेऊन आवारात फिरणे हा अभ्यास झाला. हा फरक आपल्या मनात स्वच्छ असेल, तर मित्रांसोबत जायला भीती कशाची?

मार्कंड्याच्या मंदिरांत एक दशावताराचे म्हणून ओळखले जाते. अवतारांच्या प्रचलित यादीत तथागतांना विष्णूचा नववा अवतार करून टाकले आहे. आपली पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच कल्पनेला नाकारते. ती प्रतिज्ञा का द्यावी लागली, हे अशा जागी उभे राहून जास्त नीट समजते.

2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला, तो माणूस म्हणून समान हक्क मिळवण्यासाठी. 1935 मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. म्हणजे त्या दारातून आत जाण्याचा हक्कही आपला आणि आत जाऊन हात न जोडण्याचा निर्णयही आपला.

"ते विहारच होतं" या म्हणण्याचे काय?

इथे मला आपल्याच मुलांना थांबवावे लागते. मार्कंड्यात आज जे उभे आहे त्याची रचना आणि मूर्ती शैव मंदिराच्या आहेत. एखादी जागा मुळात विहार होती असे म्हणायचे तर शिलालेख, उत्खनन, अवशेष लागतात. मोबाइलवर आलेला फोटो म्हणजे पुरावा नव्हे. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपल्या आवडीच्या गोष्टींनाही लागू होतो. आपला एक दावा खोटा ठरला, की उरलेले नऊ खरे दावेही लोक हसण्यावारी नेतात.

आणि खरे पुरावे आपल्याकडे कमी आहेत का? याच वैनगंगेच्या वरच्या अंगाला, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत, 1969-70 च्या उत्खननात स्तूप उघडकीस आले. त्यांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. भद्रावतीजवळ विजासन टेकडीच्या लेण्यांत बोगद्यासारख्या लांब दालनांच्या टोकाला बुद्धमूर्ती आहेत.

सर्वांत बोलका आहे तो नागभीड तालुक्यातल्या देवटेकचा दगड. त्यावर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन ब्राह्मी लिपीत असून प्राण्यांना पकडू व मारू नये अशी आज्ञा देतो. दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, त्याने उभारलेल्या धर्मस्थानाबद्दलचा. नव्या लेखासाठी जुनी अक्षरे छिलली गेली, असा अर्थ वा. वि. मिराशींनी लावला. एक विचार पुसून त्यावर दुसरा कसा लिहिला जातो, हे दाखवणारा हा दगड नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे?

मग कसे जायचे?

शक्यतो यात्रेची गर्दी टाळून, पाच-दहा जणांचा गट करून जा. दगड कुठून आला असेल, तो घडवणारे हात कोणाचे असतील, मूर्तीत बायका कशा दाखवल्या आहेत, कष्टकरी कुठे दिसतात का, असे प्रश्न घेऊन फिरा आणि नोंदी करा. पूजा करणाऱ्यांची टिंगल करू नका. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून नदीच्या आणि यात्रेच्या गोष्टी ऐका. भिंतीवर नाव कोरू नका. संरक्षित स्मारकाची नासधूस हा 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे. हाच नियम विजासनला पाळा. लेण्याच्या भिंतीला टेकवून मेणबत्ती लावली तर दगड काळा होतो, मग लावणारा उपासक का असेना.

संविधानाच्या कलम 51 क मध्ये वारशाचे जतन आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही कर्तव्ये आहेत. मार्कंड्याला जाताना दोन्ही सोबत न्या. त्या मुलाला मी एवढेच सांगितले: मित्रांसोबत जा, शिल्पे बघ, प्रश्न विचार. आणि पुढच्या महिन्यात त्याच मित्रांना विजासनला घेऊन ये.