पापड तर खपतात, मग हातात का उरत नाही? उत्तर वहीत सापडेल

उन्हाळा आला की गावोगावी गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत पडलेले दिसतात. अनेक ताई आणि बचत गट हे वाळवण आठवडी बाजारात, ओळखीत आणि व्हॉट्सअॅपवर विकतात. माल चांगला असतो, लोक नावाजतात. पण हंगाम संपला की एकच प्रश्न उरतो, “एवढं राबलो, पैसे गेले कुठं?”

याचं उत्तर बहुतेक वेळा हिशोबात असतं.

घरची मजुरी फुकट नसते

हिशोब समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. यातले आकडे धरून चाललेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला.

समजा, ५ किलो उडीद डाळीचे पापड केले. डाळ ६०० रुपये, दळण ६०, पापडखार-मिरी-हिंग-तेल १४० आणि पिशव्या-लेबल १००. एकूण खर्च ९०० रुपये. तुटफूट वजा जाता अर्धा किलोची १० पाकिटं झाली. १२० रुपयांनी विकली, १२०० आले. म्हणजे ३०० रुपये सुटले.

वाटतं फायदा झाला. पण दोघीजणी प्रत्येकी ६ तास बसल्या होत्या, म्हणजे १२ तासांचं काम. तासाला पडले २५ रुपये! “घरचंच काम, मजुरी कशाला धरायची?” असं म्हणून आपण इथंच फसतो. मजुरी खर्चात धरली नाही, तर धंदा चालतोय की आपण नुसतेच राबतोय, हे कळतच नाही.

वहीत काय लिहायचं?

कॉम्प्युटर लागत नाही. शाळेची वही पुरे. रोज पाच मिनिटं काढा आणि एवढंच लिहा:

- किती माल केला, किती तास लागले
- तुटला, खराब झाला किती
- कुठं विकला: बाजार, घरून की फोनवर
- रोख किती, उधारी किती आणि कोणाकडं
- गिऱ्हाईकानं काय मागितलं, जे आपल्याकडं नव्हतं

शेवटची ओळ सगळे विसरतात, पण ती फार कामाची. चार बाजारांत सहा जणांनी नाचणीचे पापड मागितले, तर पुढचा माल काय करायचा ते गिऱ्हाईकानंच सांगितलं की!

ऑनलाइन आलेले पैसे अॅपमध्ये तारखेनुसार दिसतात, ते संध्याकाळी वहीशी जुळवा. जमलं तर धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. घरखर्च आणि गल्ला एकत्र झाला की कुठलाच हिशोब लागत नाही.

एका वेळी एकच बदल

वही दोन-तीन महिने लिहिली की मग बदल करा, पण एका वेळी एकच. भाव, चव आणि पाकीट तिन्ही एकदम बदललं, तर विक्री कशामुळं वाढली किंवा पडली ते समजणार नाही.

वरच्याच उदाहरणात भाव १४० केला आणि १० ऐवजी ८ च पाकिटं गेली असं धरू. एका पाकिटाचा खर्च ९० रुपये, म्हणजे पाकिटामागं ५० सुटले. आठांचे झाले ४००. माल कमी खपला, पण पैसे १०० रुपयांनी जास्त उरले. आठच पाकिटं केली, तर कामही साडेनऊ तासांवर आलं. भाव वाढवला की गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी असते, म्हणून आधी एकाच ठिकाणी करून बघा.

मात्र एका बाजारावरून ठरवू नका. त्या दिवशी पाऊस असेल, जत्रा असेल, लग्नाची तिथी असेल. किमान चार बाजार बघा, मग ठरवा.

मशीनची घाई नको

“मशीन घ्या, कर्ज मिळवून देतो” असं सांगणारे भेटतात. तेव्हा वही उघडा. माल कमी पडला म्हणून सलग तीन-चार महिने ऑर्डरी सोडाव्या लागल्या आहेत का? हप्ता भरून मजुरी सुटते का? पावसाळ्यात वाळवण बंद असताना हप्ता कुठून जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरं वहीत मिळाली तरच पुढं जा. खाण्याचा माल विकताना अन्न सुरक्षा नोंदणीही लागते, ती राहिली असेल तर मशीनच्या आधी करा.

लिज्जत पापडची सुरुवात १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर झाली. सात बायका आणि ८० रुपये उसने, एवढंच भांडवल. तिथं आजही पापड लाटणाऱ्या बहिणीला लाटलेल्या मालाप्रमाणं मजुरी मिळते. एवढा मोठा धंदा बाईच्या मजुरीचा हिशोब ठेवतो, मग आपण का ठेवू नये?

येत्या बाजारच्या दिवशी पिशवीत पाकिटांसोबत वही-पेनही टाका. पहिली ओळ त्याच दिवशी लिहा.