माळवदाची भिंत आणि डिस्कचा ड्रायव्हर

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घराची दगडी भिंत चांगली दोन-तीन फूट जाड असली, तरी ती बहुधा एकसंध नसे. आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर, त्यांच्यामध्ये चिखल व कपच्यांचा भराव आणि वर उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड छत, अशी तिची रचना होती. या दोन थरांना बांधून ठेवणारे लांब आरपार दगड घालायचे की नाही, हे गवंड्याच्या शिस्तीवर सोडलेले असे, आणि गिलावा झाल्यावर ते घातले आहेत की नाहीत हे घरमालकाला बाहेरून कळण्याचा मार्ग नसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसे मरण पावली, त्यांपैकी बहुसंख्य अशाच भिंती व छतांखाली सापडून.

बांधकामातील दोष हादरा बसेपर्यंत दिसत नाही, ही अडचण ऑपरेटिंग सिस्टीमच्या बांधणीतही आहे, आणि ती सर्वांत तीव्रतेने जाणवते ती साठवणुकीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणक आणि डिस्क यांच्यात देवाणघेवाण घडवणाऱ्या प्रोग्राममध्ये. एनव्हीएमई या पद्धतीच्या आजच्या डिस्कना आज्ञांच्या हजारो रांगा एकाच वेळी चालवता येतात. जुन्या एएचसीआय पद्धतीत मात्र प्रत्येक डिस्कमागे ३२ आज्ञांची एकच रांग होती. शिवाय एनव्हीएमई डिस्क माहिती थेट स्मृतीत, म्हणजे मेमरीत, आणून टाकते, प्रोसेसरला मध्ये न घेता. ड्रायव्हरने स्मृतीतील एक जागा डिस्कला नेमून दिली, आणि काम पुरे होण्याआधीच चुकून तीच जागा मोकळी समजून दुसऱ्या कोणाला दिली, तर डिस्क आपली माहिती त्या दुसऱ्याच्या दारात निमूटपणे ओतून जाते. त्या क्षणी काहीच कोसळत नाही, आणि बिघाड दिसतो तो तासाभराने, भलत्याच ठिकाणी.

बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा ज्या सी भाषेत लिहिलेला आहे, ती भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत घडवली, आणि स्मृतीची जागा कधी घ्यावी व कधी सोडावी हा निर्णय तिने संपूर्णपणे प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोपवला. कुशल गवंडी चुकत नाही, असे त्यामागचे गृहीतक होते, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे ठरू नये. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या आढाव्यानुसार, तिच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी स्मृतीच्या अशाच गैरवापरातून आलेल्या होत्या.

ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये सुरू केलेली आणि २०१५ मध्ये पहिल्या स्थिर आवृत्तीत आलेली रस्ट ही भाषा हा निर्णय व्यक्तीच्या सावधपणावर न सोडता भाषेच्या नियमांत आणते. तिच्यात स्मृतीतील प्रत्येक वस्तूला एकच मालक असतो. इतरांना ती उसनी मिळते, पण बदल करण्यासाठी उसनी घेणारा एका वेळी एकच असू शकतो आणि तो असताना दुसरा कोणी वाचणाराही नसतो, नुसते वाचणारेच असतील तर ते कितीही चालतात, आणि मालक गेल्यानंतर उसनवारी शिल्लक राहू शकत नाही. हे नियम मोडणारा प्रोग्राम कंपायलर, म्हणजे लिहिलेल्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, स्वीकारतच नाही. तपासणी आधीच पार पडत असल्याने प्रोग्राम चालताना तिचा वेगळा भार पडत नाही, आणि ज्या ड्रायव्हरमध्ये एकेक मायक्रोसेकंद मोजला जातो तिथे ही बाब निर्णायक ठरते.

तरीही सगळा जुना गाभा पाडून नवा बांधणे व्यवहार्य नाही. किल्लारीच्या भूकंपानंतरही ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, परंतु कमी हानी झालेल्या कितीतरी गावांत उभ्या घरांचीच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करण्याचा मार्ग धरावा लागला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने धरलेला मार्ग या दुसऱ्या प्रकारचा आहे. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत रस्टला प्रथम प्रवेश मिळाला, आणि आंद्रेआस हिंडबोर्ग यांनी रस्टमध्ये एनव्हीएमईचा एक प्रायोगिक ड्रायव्हर विकसित करून, त्याची कामगिरी सी भाषेतील ड्रायव्हरच्या जवळपास पोहोचू शकते, हे दाखवले. २०२४ मध्ये गाभ्यात प्रत्यक्ष दाखल झाला तो मात्र त्याहून साधा, काहीसा गमतीचा ड्रायव्हर: तो काहीच साठवत नाही, आलेली प्रत्येक आज्ञा पुरी झाल्याचे सांगून मोकळा होतो. खऱ्या डिस्कचा संथपणा मध्ये न आल्यामुळे भोवतालच्या यंत्रणेला किती वेळ लागतो हे त्यावरून नेमके मोजता येते.

खरे कष्ट आहेत ते जुन्या आणि नव्या भिंतीच्या सांध्यात. सी भाषेतील गाभ्याशी बोलताना रस्टला आपले नियम ठरावीक जागी सैल करावे लागतात, आणि अशा जागांवर ‘असुरक्षित’ अशा अर्थाची स्पष्ट खूण करावी लागते. तिथली जबाबदारी पुन्हा माणसाकडे येते, फक्त तपासणाऱ्याला नेमके कुठे पाहायचे हे ठाऊक असते. डिस्क स्वतः स्मृतीत काय लिहिते यावर कंपायलरचे नियंत्रण नसल्याने ती वागणूकही याच खुणेच्या आत बांधून घ्यावी लागते. आणि योग्य माहिती डिस्कवरच्या चुकीच्या पत्त्यावर लिहिणारा ड्रायव्हर रस्टच्या साऱ्या नियमांत चोख बसू शकतो. ती चूक पकडण्यासाठी प्रत्यक्ष चाचण्याच घ्याव्या लागतात.