चोर सोडून सेन्सरला फाशी!

डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवलं, की सल्ला ठरलेला – “सेन्सर गेला, बदलून टाका!” काही हजार रुपये जातात आणि आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर. असं का होतं?

१९७६ साली बॉशचा हा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत प्रथम आला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसून तो धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण. पेट्रोल जास्त झालं (रिच) की नेहमीचा झिर्कोनिया सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, कमी झालं (लीन) की ०.१ च्या आसपास. त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो.

आता समजा, कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन. इथे सेन्सर खरंही बोलत असेल! व्हॅक्यूमचा पाइप तडकला, तर जादा हवा आत शिरते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचं गॅस्केट फुटलं, तर बाहेरची हवा ओढली जाते आणि ईसीयू फसून उगाच पेट्रोल वाढवतो. म्हणून आधी गळती शोधा.

पी ०१३५ हा हीटरच्या सर्किटचा कोड. आधी फ्यूज पाहा. मग कनेक्टर काढून हीटरच्या दोन वायरी (बहुधा एकाच रंगाच्या) मल्टिमीटरने तपासा. काही ओहम आले तर हीटर शाबूत, दोष वायरिंगमध्ये शोधा. सर्किट ओपन दिसलं तर हीटर गेला.

खुद्द सेन्सरची परीक्षा अशी : इंजिन चांगलं गरम करा. कनेक्टर न काढता सिग्नलच्या वायरवर डिजिटल मीटर लावा. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की व्होल्टेज ०.८ च्या वर जायला हवं. व्हॅक्यूमचा छोटा पाइप क्षणभर काढला की ०.२ च्या खाली यायला हवं. काटेकोर वरखाली झालं तर सेन्सर निर्दोष. एकाच जागी अडकला, तरच बदला! (वाइडबँड सेन्सरला ही परीक्षा लागू नाही.)

बदलताना २२ मिमीचा पाना लागतो. अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही.

आणि हो, दिव्याकडे दुर्लक्षही नको. सतत रिच चाललेली गाडी कन्व्हर्टर जाळते, आणि त्याचं बिल सेन्सरच्या कितीतरी पट असतं. तेव्हा आधी मीटर, मग पाना, आणि शेवटी पाकीट!