पळसावरची पाखरं काय खातात?

फाल्गुनात पांढरकवड्याहून टिपेश्वर अभयारण्याकडे निघालं, की धुऱ्याधुऱ्यावर पळस फुललेला दिसतो. त्यावर शिंजीर, बुलबुल, साळुंक्या आणि कोतवाल यांची झुंबड असते. ती पाहून अनेकांना वाटतं, पाखरं झाडाचा बहार खाऊन टाकतात. काही फुलं फाटतात, गळतात, हे खरं. पण पाखरं येतात मकरंदासाठी, आणि तो पिताना कपाळाला लागलेले परागकण पुढच्या पळसावर नेतात. पळसाच्या शेंगा धरण्यात या पाहुण्यांचा मोठा वाटा आहे. फुलं आणि पक्षी यांच्या या नात्यावर सलीम अली यांनी १९३२ मध्येच ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात सविस्तर लिहून ठेवलं आहे.

शिंजीर फक्त मकरंदावर जगतो, हाही तसाच पक्का समज. मकरंद म्हणजे मुख्यतः साखर आणि पाणी. उडायला त्यातून ताकद मिळते, पण पिलाचं अंग भरायला प्रथिनं लागतात. म्हणून घरट्यात पिलं असली, की शिंजीर कोळी, माश्या, बारीक अळ्या वेचून आणतो.

चिमणीचं तर आपण पुरतं चुकीचं धरून बसलो आहोत. मोठी चिमणी दाणे टिपते, म्हणून आपण अंगणात तांदूळ, बाजरी टाकतो. पण अंड्यातून नुकतंच निघालेलं पिलू दाण्यावर वाढत नाही. पहिल्या दिवसांत त्याच्या चोचीत प्रामुख्याने किडे आणि अळ्याच जातात. दाणे खाऊन पिलं पोसणारे पक्षी म्हणजे पारवे आणि होले. ते अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिलांना भरवतात. म्हणजे ज्या घराभोवती फवारणी करून अळी उरू दिली नाही, तिथे वाटीभर तांदळाने पारवे वाढतील, चिमणीची पिलं नाही. कुणी दूधही ठेवतात. ते ठेवू नये. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही.

राहिली भोरडी, म्हणजेच पळसमैना. रब्बी ज्वारीवर थवा उतरला, की शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि त्याचा राग रास्त आहे. मात्र हीच भोरडी पळसाचा मकरंद पिते, टोळ आणि नाकतोडेही खाते. उन्हाळा चढताच ती मध्य आशियाकडे निघते आणि तिथे पिलांना टोळांवर वाढवते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांना आळा बसावा म्हणून माणसांनी तिच्यासाठी दगडांची घरटी रचली आहेत.

तेव्हा धुऱ्यावरचा पळस तोडू नका. चैत्र-वैशाखात परसातल्या झाडांवर औषध मारू नका. आणि पाखरांसाठी काही ठेवायचंच असेल, तर उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवा, ते रोज बदला.